पाटा बसला, पाटा उठला

"साहेब, गाडी वासरागत उभी हाय बघा."

आमच्या सोसायटीचे वॉचमनकाका बारामतीकडचे. त्यांना गुरांतलं कळतं हे माहीत होतं, गाड्यांतलंही कळत असेल असं मी धरलं नव्हतं. ते म्हणाले म्हणून गाडीच्या मागे दहा पावलं जाऊन उकिडवा बसलो, आणि खरंच की! मागची दोन्ही चाकं वरून आत कललेली आणि खालून बाहेर फाकलेली. नुकतंच उभं राहिलेलं वासरू मागचे पाय असेच टाकतं. गेलं वर्षभर दर रविवारी मी ही गाडी पुसत होतो. पण पुसताना माणूस गाडीच्या अंगाशी असतो, लांबून बघायचं राहूनच गेलं.

गाडी म्हणजे १९६८ची ट्रायम्फ स्पिटफायर, मार्क ३. दोन सीट, कापडी टप, १२९६ सीसीचं इंजिन, वजन जेमतेम साडेसातशे किलो. रेषा इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तीच्या, बांधणी कॉव्हेंट्रीची. लष्कर भागातल्या एका निवृत्त गृहस्थांकडून चार वर्षांपूर्वी घेतली. "दोन माणसं बसतात आणि चार माणसांचा खर्च करते," हे आमच्या घरातलं तिचं वर्णन. ते चूक आहे असं मी कधी म्हटलेलं नाही.

टायर पाहिले. आतल्या कडेची नक्षी पार गुळगुळीत, बाहेरच्या कडेची नव्यासारखी. गतिरोधकावर एक्झॉस्ट घासायचा त्याचं कारणही आता कळलं. इतके दिवस मी महापालिकेला शिव्या देत होतो.

भवानी पेठेतले माझे मेकॅनिक, ज्यांना आम्ही सगळेच काका म्हणतो, त्यांनी उमेदीची वर्षं स्टँडर्ड हेरल्डखाली आडवं पडून काढली आहेत. त्यांनी डिकीवर हात ठेवून गाडी दाबली, सोडली, पुन्हा दाबली आणि निकाल दिला, "पाटा बसलाय." पाटा म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या चळतीची स्प्रिंग. गॅरेजात एका पट्टीलाही पाटा म्हणतात आणि अख्ख्या चळतीलाही पाटाच.

बसलेल्या पाट्यावर पुण्यात तीन इलाज सांगतात. कॅम्बर मारून घ्या, म्हणजे ठोकून पुन्हा कमान द्या, एक पाटा वाढवा, नाहीतर नवा टाका. शॉकअब्सॉर्बर बदला म्हणणारेही भेटले. त्यांना हात जोडले. शॉकअब्सॉर्बर गाडीचं हेलकावणं थांबवतो, गाडी तोलून धरत नाही. ते काम स्प्रिंगचं. पण बाकीच्या तिघांपैकी काय निवडायचं, यात माझे आठ महिने गेले. त्यातले पहिले तीन तर चुकीच्या उत्तरात गेले.

आधी ही गाडी मागून कशी बांधली आहे ते सांगतो, नाहीतर पुढचं सगळं पाल्हाळ वाटेल. स्पिटफायर ही हेरल्डची धाकटी बहीण. हेरल्ड इंग्लंडात १९५९ साली आली आणि १९६१पासून मद्रासला स्टँडर्डच्या नावाने बनू लागली. दोघींच्या मागच्या बाजूला दोन स्प्रिंगा नसतात. एकच पाट्यांची चळत, तीही गाडीला आडवी. मधोमध डिफरन्शियलच्या, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांना वाटून देणाऱ्या पेटीच्या, डोक्यावर बोल्टने आवळलेली आणि दोन टोकांना दोन चाकं. कावडीसारखी म्हणा, फक्त ओझं टोकांना नसून मधे.

डिफरन्शियलच्या दोन्ही अंगांना एकेक सांधा आहे आणि सांध्यापासून चाकापर्यंत सरळसोट दांडा. चाक त्या दांड्याला काटकोनात पक्कं. त्यामुळे चाक वर-खाली होताना सरळ वर-खाली होत नाही, बिजागरीवरच्या फळीसारखं त्या सांध्याभोवती फिरतं. गाडी खाली बसली की चाकं वरून आत कलतात, गाडी उंच झाली की वरून बाहेर. दुसऱ्या गाड्यांत उंची हा एक प्रश्न असतो आणि चाकाचा झुकाव हा दुसरा. इथे दोन्ही एकच.

यातली गंमत, किंवा धोका, असा की आतला झुकाव टायर खातो, पण बाहेरचा झुकाव माणूस खाऊ शकतो. वळणावर बाहेरच्या बाजूच्या चाकावर जमिनीकडून आडवा रेटा येतो. चाक आधीच बाहेर कललेलं असेल तर तो रेटा गाडीचा मागचा भाग वर उचलायला लागतो. गाडी उचलली की चाक आणखी कलतं, कललं की आणखी उचलते. शेवटी चाक पोटाखाली दुमडून कडेवर उभं राहतं. वळणात घाबरून अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडला तर हे सगळं पापणी लवायच्या आत होतं. जुन्या बीटलमध्ये हाच प्रकार होता, अमेरिकेतल्या सुरुवातीच्या कॉर्व्हेरमध्येही. आपल्याकडच्या गिऱ्हाइकांना आणि मेकॅनिकना ही रचना कधीच पसंत पडली नाही, म्हणून मद्रासवाल्यांनी १९७२मध्ये गॅझेल काढली तेव्हा मागे दोन्ही चाकांना जोडणारा सरळ अखंड अ‍ॅक्सल घातला. काका अजून म्हणतात, "गॅझेल येईपर्यंत आम्ही हेरल्डचे टायर विकूनच जगलो."

हे सगळं मला तेव्हा माहीत होतं का? वाचून माहीत होतं. त्याचा उपयोग झाला नाही.

ट्रकचे पाटे दुरुस्त करणाऱ्या एका ठिकाणी आम्ही चळत घेऊन गेलो. ट्रकच्या पाट्यांच्या राशीत माझा पाटा कानातल्या डुलासारखा दिसत होता. तिथल्या माणसाने तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "लोड किती भरता?" दोन माणसं, म्हटल्यावर त्याला माझी कीव आली असावी. चळत सोडवली. पाट्यांच्या टोकांना, दोन पाट्यांच्या मधे, रबराची चपटी बटणं होती. पाटे एकमेकांवर घासू नयेत म्हणून ती असतात. त्याने ती कचरा समजून बाजूला उडवली. मग एकेक पाटा दोन टेकूंवर आडवा टाकून घणाचे ठोके सुरू केले. ठोका, नजर, ठोका, नजर. मोजपट्टी नाही, साचा नाही. तासाभरात सगळ्या पाट्यांना झकास कमान आली, काळा रंग लागला, आणि अठराशे रुपयांत काम झालं. मी बेहद्द खूश.

घरी बसवून गाडी जॅकवरून उतरवली तर मागची चाकं बाहेर फाकायच्या ऐवजी आत आली, जणू पोटाशी पाय घेऊन उभी. पहिल्यांदा मला वाटलं, असंच व्हायचं. या गाडीत जॅकवरून उतरवल्यावर चाकं लगेच जागेवर येतच नाहीत. टायर जमिनीला धरून ठेवतात, चार-पाच मीटर पुढे-मागे ढकलल्यावर मग चाकं फाकून जागेवर बसतात. ढकलली. थोडी बसली. पण नजरेलाही दिसत होतं, चाकं आता वरून बाहेर कललेली होती.

"बसेल आपोआप," काका म्हणाले. बसणार होतीच, पण त्याआधी एका रविवारी मी सासवडला भेळ खायला निघालो. बोपदेव घाटातल्या एका वळणात समोर टेम्पो आला आणि मी सवयीने अ‍ॅक्सिलरेटर सोडला. गाडीचा मागचा भाग असा हलकेच उचलला गेला, जणू कोणीतरी खालून खुर्ची वर केली. क्षणभरच. वेग तिशी-चाळिशीचा असेल. काही झालं नाही. पण पुढची दोन वळणं मी पहिल्या गिअरमध्ये घेतली आणि भेळेला चव लागली नाही.

त्या संध्याकाळपासून मोजायला लागलो. हे काम आधीच करायला हवं होतं.

पुण्यात सपाट जमीन शोधणं सोपं नाही. सोसायटीच्या पार्किंगला पाणी जायला उतार दिलेला असतो. म्हणून गवंड्याकडून पारदर्शक नळीची पाणसळ आणली, चार चाकांखालच्या जागा मापल्या आणि जिथे कमी तिथे शहाबादी फरशीचे तुकडे सरकवून चारही एका पातळीत आणल्या. मग ओळंबा. रिमच्या वरच्या कडेजवळून सोडायचा आणि रिमची वरची आणि खालची कड दोरीपासून किती लांब आहे ते मोजायचं. तेरा इंची चाकाच्या रिमची कड-ते-कड उंची माझ्या मापाने साडेतीनशे मिलिमीटर भरली. त्या हिशोबाने एका अंशाला साधारण सहा मिलिमीटर येतात. मोबाइलवर कोन मोजायची सोय आहे, पण मला ओळंब्यावर जास्त विश्वास बसतो. त्याची बॅटरी संपत नाही.

ठोकलेल्या पाट्यावर रिकाम्या गाडीचा झुकाव बाहेरच्या बाजूला दोन अंश निघाला. वासरू असताना तो आत चार अंश होता असं जुन्या फोटोंवरून अंदाजे काढलं. म्हणजे घणाने सहा अंशांची उलथापालथ केली होती. जॅकने थोडं थोडं उचलून पाहिलं तेव्हा कळलं, माझ्या गाडीवर मागची उंची एक इंचाने बदलली की झुकाव जवळजवळ तीन अंशांनी बदलतो. दोन इंचांचा खेळ, आणि टायर खाणारी गाडी घाटात उचलणारी होते. ट्रकच्या पाट्यात दोन इंच इकडे-तिकडे झाले तर ड्रायव्हरला पत्ताही लागत नाही. तेव्हा त्या घणवाल्याचा दोष कितीसा? मीच दागिना लोहाराकडे नेला होता.

तीन महिन्यांत तो पाटा पुन्हा निम्मा बसलाही. थंड पाटा ठोकून वाकवला की असंच होतं. पोलादाला दिलेलं पाणी तसंच राहतं, ठोक्यांनी आत ताण साठतो आणि ओझं येईल तसा पाटा आपल्या जुन्या सवयीवर जातो. नीट करायचं तर साडेआठशे-नऊशे अंशांपर्यंत तापवून कमान द्यायची, तेलात विझवायचं आणि मग चारशे-पाचशे अंशांवर पुन्हा तापवून पाणी उतरवायचं. नाहीतर पाटा काचेसारखा तुटतो. हे करणारे लोक पुणे-पिंपरीच्या पट्ट्यात आहेत, पण एका नगासाठी भट्टी कोण पेटवणार?

मधल्या काळात एक गोंधळ झाला तोही सांगतो. पाट्याच्या कमानीलाही गॅरेजात कॅम्बर म्हणतात आणि चाकाच्या झुकावालाही कॅम्बरच. पंधरा दिवस काका आणि मी दोन वेगळ्या गोष्टींवर पूर्ण एकमताने बोलत होतो. ते म्हणायचे कॅम्बर वाढवायला हवा, मी म्हणायचो कमी करायला हवा, आणि दोघांच्या मनात एकच होतं. शेवटी मी चाकाला झुकाव म्हणायला लागलो.

आता निवड. मी आधी एक गोष्ट पक्की केली. पाटा किती मजबूत, किती पाट्यांचा, कुठल्या देशातला, हे सगळं नंतर. आधी दोन माणसं बसल्यावर आणि टाकी भरल्यावर गाडी कुठल्या उंचीला उभी राहायला हवी, ते. त्या स्थितीत चाकं दीड ते दोन अंश आत हवीत असं ठरवलं. दोन माणसं तासन् तास बसवून ठेवता येत नाहीत म्हणून वाण्याकडून पंचवीस किलोच्या तांदळाच्या पाच गोण्या आणल्या. तीन चालकाच्या सीटवर, दोन शेजारी. वाण्याने विचारलं, "कार्य आहे का घरी?" आमच्या हिने उत्तर दिलं, "गाडीचं डोहाळजेवण आहे."

पहिला पर्याय हेरल्डचा पाटा. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात तीन खेपा घातल्यावर एक मिळाला. त्याच्या टोकांचे डोळे, म्हणजे बोल्ट जायची वेटोळी, जुळत होते, मधली भोकं जुळत होती, काकांचे डोळे पाणावले. तो माझ्या पाट्याशेजारी फरशीवर ठेवला तर त्याची कमान भलतीच मोठी. साहजिक आहे. हेरल्डमध्ये चार माणसं बसतात, मागच्या सीटवरच्या दोघांचं वजन थेट त्या पाट्यावर येतं. माझ्या गाडीत माणसं चाकांच्या पुढे बसतात आणि मागे फक्त डिकी. तो बसवला असता तर बोपदेवचा प्रसंग कायमचा पदरी पडला असता. "बसतोय म्हणजे चालतोय असं नाही," असं मी काकांना म्हणालो. त्यांना ते आवडलं नाही, कारण पाटा त्यांनी घासाघीस करून मिळवला होता.

दुसरा पर्याय इथेच नवा बनवून घ्यायचा. स्प्रिंगचं पोलाद मिळतं, बनवणारे मिळतात. अडचण जाडीची. पाट्याचा कडकपणा रुंदीच्या पटीत वाढतो, पण जाडीच्या घनाच्या पटीत. सहा मिलिमीटरच्या पट्टीच्या जागी सातची घातली, की एका मिलिमीटरच्या फरकाने पाटा जवळपास साठ टक्के कडक होतो. इंग्लंडची पट्टी इंचाच्या अपूर्णांकात, आपली मिलिमीटरमध्ये, आणि मधल्या जाड्या बाजारात मिळत नाहीत. एका कारखानदारांनी सहानुभूतीने ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एक पाटा वाढवून देतो, फिकीर करू नका." एक पाटा वाढवणे हा आपल्याकडचा जुना उपाय आहे, आणि उसाच्या ट्रकला तो योग्यच आहे.

तिसरा पर्याय सर्वांत मोहाचा. ट्रायम्फला स्वतःलाच हा दोष कळला होता. १९७०च्या मार्क ४पासून त्यांनी झुलता पाटा आणला. चळतीतला एकच पाटा डिफरन्शियलवर पक्का, बाकीचे मधल्या पेटीत झोका घेतात. दोन्ही चाकं एकदम वर-खाली झाली तर सगळे पाटे काम करतात, पण वळणात एक चाक वर आणि एक खाली गेलं की चळत नुसती झुलते. त्यामुळे मागचा भाग वळणात कडक होत नाही आणि उचलला जाण्याची शक्यता बरीच घटते. पुढे त्याची भरपाई म्हणून जाड अँटिरोल बार, म्हणजे वळणात गाडीचं कलणं रोखणारी दांडी, घालतात. विचार सुंदर आहे. पण माझ्या डिफरन्शियलला पाट्यासाठी सहा स्टड, म्हणजे बिनडोक्याचे बोल्ट, झुलत्याला चार. ती भोकं आत तेलापर्यंत जातात, म्हणजे उरलेली दोन नीट बुजवली नाहीत तर डिफरन्शियलचं तेल पाझरत राहणार. शिवाय पुढचा बार बदलायचा. मी रोज घाट उतरत असतो तर हाच घेतला असता, आणि कोणी विचारलं तर त्याला हाच घ्यायला सांगेन. माझी गाडी महिन्यातून दोनदा खडकवासल्यापर्यंत जाते. मी जरा कर्मठही आहे, १९६८च्या गाडीत १९७०ची अक्कल घालायला मन होईना. हे कारण फारसं चांगलं नाही, हे मला मान्य आहे.

अखंड अ‍ॅक्सल टाका असंही दोघांनी सुचवलं. त्यावर बोलत नाही.

उरला मूळ मापाचा नवा पाटा, इंग्लंडहून. मागवण्याआधी मी विक्रेत्याला एकच प्रश्न तीनदा विचारला. रिकाम्या पाट्याची डोळ्यापासून डोळ्यापर्यंतच्या रेषेवरची कमान किती? तिसऱ्यांदा उत्तर आलं. माझ्या ठोकलेल्या पाट्याहून कमी, बसलेल्याहून जास्त. मागवला. त्याचं वजन आणि लांबी अशी, की विमानाचं भाडं पाट्याच्या किमतीपुढे गेलं आणि वर जकात. घरी पार्सल आलं तेव्हा डिलिव्हरीवाल्या मुलाने विचारलं, "काका, धनुष्य आहे का?"

बसवायचा दिवस. गाडी स्टँडवर, चाकं काढलेली, शॉकअब्सॉर्बर सोडवलेले, ब्रेकच्या नळ्या मोकळ्या केलेल्या, कारण शॉकअब्सॉर्बर सुटला की चाकाचा सांधा पार खाली लोंबतो आणि नळीवर ताण येतो. सीटच्या मागे गालिच्याखाली एक झाकण आहे, ते उघडलं की पाट्याचे सहा नट समोर दिसतात. माझ्या गाडीत तिथे एक १९८२चं दहा पैशाचं नाणंही होतं. जुना पाटा बाजूने सरकवून काढणं सोपं. नवा घालताना त्याचे डोळे चाकाच्या सांध्याशी जुळेनात. पाटा ताठ, गाडी हलकी. डोळ्याखाली जॅक लावून चढवला तर पाटा वाकायच्या ऐवजी गाडीच स्टँडवरून उठायला लागली. काकांनी गॅरेजातली दोन पोरं डिकीत बसवली, तरी गाडी उठतेच आहे. मग माझ्याकडे पाहिलं. मीही डिकीत बसलो. तिघांच्या वजनाने बोल्ट सरकला.

टोकांच्या बुशांचे नट काकांनी तेव्हा फक्त हातानेच फिरवले. रबरी बुश चाकं लोंबत असताना आवळले तर ते त्याच जागी चिकटतात, मग गाडी खाली आली की पिळले जातात. महिन्यात फाटतात आणि तोवर गाडीही उंच धरून ठेवतात. गाडी जमिनीवर घेतली, पुढे-मागे ढकलली, तांदळाच्या गोण्या चढवल्या आणि मग काका खाली झोपून पान्याने नट आवळते झाले. हे त्यांना सांगावं लागलं नाही. ट्रकवाल्याला सांगूनही पटलं नव्हतं.

ओळंबा सोडला. रिकामी गाडी दीड अंश बाहेर, गोण्यांसकट बरोबर उभी. शून्य. माझं उद्दिष्ट दोन अंश आत. नवा पाटा, तोही मूळ मापाचा म्हणून घेतलेला, आणि तरीही उंच. पहिल्यांदा डोक्यात राग गेला. मग दोन-तीन जाणत्यांशी बोललो तर म्हणाले, नवे पाटे असेच येतात, थोडे चालवा, बसतात. दुधाने तोंड पोळलेलं होतं, म्हणून पाचशे किलोमीटर फक्त सपाटीवर चालवली. सोलापूर रस्त्याने यवतपर्यंत आणि परत, असं चार-पाच रविवार. जंगली महाराज रस्त्यावर तर मुद्दाम दोन फेऱ्या मारल्या. तिथे पुण्यातली कुठलीही गाडी चांगली वाटते.

पाचशे किलोमीटरनंतर गाडी आठ मिलिमीटर बसली. झुकाव आत एक अंश. अजून थोडं हवं होतं आणि पाटा आता बसायचा थांबला होता.

यावर उपाय ठोकळा. डिफरन्शियल आणि पाटा यांच्यामध्ये एक सपाट ठोकळा घालायचा. काका म्हणाले, "ठोकळा घातल्यावर गाडी आणखी उंच नाही का होणार?" सगळ्यांना तसंच वाटतं. पण पाटा गाडीच्या पोटापासून वर गेला की त्याची टोकं वर जातात, टोकांबरोबर चाकं वर जातात, म्हणजे गाडी खाली येते. मी दोन चमचे आणि आगपेटी घेऊन हे समजावलं. मग काकांनी ते पोरांना समजावलं, माझ्यापेक्षा सोपं करून.

विकत मिळणारे ठोकळे एक इंचाचे असतात. मला बारा मिलिमीटर पुरत होतं. भोसरीतल्या एका लेथवाल्याने पोलादाचा सहा भोकांचा ठोकळा मिलिंग करून दिला. बारा म्हणजे बारा, चारही कोपऱ्यांत मी व्हर्नियरने मोजलं. सहा लांब स्टड मात्र त्याला पुन्हा करावे लागले. पहिल्या वेळी त्याने मिलिमीटरचे आटे पाडले. "इंची आटे आता कोण मागतं साहेब," म्हणत त्याने तळाच्या खणातून वडिलांच्या वेळच्या डाय काढल्या. नायलॉनच्या दांड्यातून पाट्यांमधली दोन-चार जादा बटणंही मी कापून घेतली. नव्या पाट्याला बटणं होती, पण फेकलेल्या बटणांचं दुःख माझ्या मनात होतं. स्टड बसवताना आट्यांना सीलंट लावलं, म्हणून अजून तरी तेल पाझरलेलं नाही.

पुन्हा पाणसळ, पुन्हा शहाबादी फरशी, पुन्हा गोण्या. एका गोणीला उंदीर लागल्यामुळे त्या चारवर आल्या होत्या, कमी पडलेलं वजन आमच्या मुलाने भरून काढलं. डावीकडे दोन अंशांना एक केस कमी, उजवीकडे सव्वादोन. परवा बोपदेव उतरलो, त्याच वळणात मुद्दाम, मागे-पुढे कोणी नाही पाहून, अ‍ॅक्सिलरेटर थोडा सोडला. गाडी जमिनीला धरून राहिली. फार परीक्षा घेतली नाही, पाटा बदलला तरी सांधा तोच आहे. टायर आता घ्यायचे आहेत. नशिबाने तेरा इंची टायर छोट्या हॅचबॅक गाड्यांसाठी अजून मिळतात.

उजवीकडचं ते जादा पाव अंश मात्र डोळ्यात खुपत होतं. मी चालकाच्या सीटवर बसलो की मागून उजवी बाजू चार मिलिमीटर खाली दिसते. काकांकडे गेलो आणि म्हटलं, एवढ्यासाठी पाटा उलटा फिरवून पाहायचा का, डावं टोक उजवीकडे?

काकांनी हात पुसले, ओळंब्याची दोरी नीट गुंडाळून माझ्या हातात दिली आणि माझ्या पोटाकडे बघत म्हणाले, "साहेब, पाट्याला आता हात लावायचा नाही. हे चार मिलिमीटर तुमचे तुम्ही बघा."